सापडत नाही म्हणायलाही वेळ लागतो

संगणक हळू चालायला लागला की आपल्याकडे निदानं ठरलेली असतात. व्हायरस शिरला असेल, नाहीतर रॅम कमी असेल. दोन्ही तपासून झालं की मग ‘जुना झाला, भंगारात द्या’. तिन्हींत तथ्य असू शकतं. पण आणखी एक कारण आहे, जे फारसं कोणी उच्चारत नाही: संगणक काम कमी आणि शोधाशोध जास्त करत असतो. फाइल कुठे आहे, प्रोग्राम कुठे आहे, त्या प्रोग्रामला लागणारा तुकडा कुठे आहे, मराठी अक्षर कुठल्या फॉन्टमध्ये आहे. वस्तू कुठे ठेवल्या आहेत आणि कुठल्या क्रमाने शोधायच्या, हे कोणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ते ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपण नव्हतो, आणि त्याची किंमत मात्र आपल्यासारख्या जुन्या मशीनवाल्यांना मोजावी लागते, असं माझं मत आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीने या भानगडीत का पडावं, असं काही जण विचारतील. जिला संदर्भग्रंथ शोधायला लायब्ररीची तीन कपाटं धुंडाळावी लागतात, तिने नाही तर कोणी पडावं?

आधी मुद्दा सोपा करून सांगते. सिल्वासापासून साधारण वीस किलोमीटरवर आमचं खानवेल. आमच्याकडे पत्ता म्हणजे घर, मग पाडा, मग गाव, मग पटेलाद. (पटेलाद हा शब्द बाहेरच्यांना माहीत नसतो, दादरा आणि नगर हवेलीत गावांच्या गटाला तसं म्हणतात.) कोणी पूर्ण पत्ता घेऊन आला तर सरळ जातो. पण कोणी नुसतं पाड्याचं नाव घेऊन आला तर? मग तो आधी या गावात विचारणार, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. यात दोन गमती आहेत. एकाच नावाचे पाडे दोन गावांत असले तर जो आधी भेटेल तोच त्याला खरा वाटणार. आणि तो पाडा कुठेच नसेल तर ‘नाही’ हे उत्तर मिळायला सगळी गावं पालथी घालावी लागणार.

संगणकात नेमकं हेच होतं. ‘पाथ’ नावाची एक यादी असते, तीत फोल्डरांची नावं एकापुढे एक लिहिलेली असतात. तुम्ही एखाद्या प्रोग्रामचं नुसतं नाव दिलंत की यंत्रणा यादीतल्या पहिल्या फोल्डरात बघते, नाही मिळालं तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिलं जे सापडेल ते चालवते. लिनक्सवरचा बॅश शेल एकदा सापडलेल्या प्रोग्रामची जागा लक्षात ठेवतो, म्हणजे दुसऱ्यांदा फिरत बसत नाही. न सापडलेल्याची मात्र तो आठवण ठेवत नाही. तो पुन्हा दारोदार.

आता हे फोल्डर असे का रचले गेले, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तीत शहाणपणापेक्षा अडचणच जास्त आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते, पीडीपी-११ नावाच्या यंत्रावर. डिस्क इतकी छोटी की यंत्रणा तिच्यात मावेना. दुसऱ्या डिस्कवर वापरणाऱ्यांच्या घरगुती फायली होत्या, ‘/यूएसआर’ मध्ये. मग उरलेले प्रोग्राम तिथे सरकवले. पहिल्या डिस्कवर ‘/बिन’, दुसऱ्या डिस्कवर ‘/यूएसआर/बिन’. झालं. पुढे डिस्क हजारपट, लाखपट मोठ्या झाल्या, पण हे दोन फोल्डर वेगळेच राहिले, आणि ते वेगळे का असायला हवेत याची तात्त्विक कारणं नंतर शोधली गेली. घरात जागा नव्हती म्हणून ओट्याखाली ठेवलेला पिंप, आणि तीन पिढ्यांनी सुनेला सांगायचं की पिंप ओट्याखालीच ठेवण्याची आपली रीत आहे!

ही रीत मोडायला चाळीस वर्षं लागली. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत दोन्ही एकत्र केले. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत ते सक्तीचं केलं. आता ‘/बिन’ ही केवळ ‘/यूएसआर/बिन’ कडे नेणारी पाटी आहे. पण गंमत बघा, पुष्कळ मशीनवर पाथच्या यादीत अजून दोन्ही नावं आहेत. म्हणजे नसलेला प्रोग्राम मागितलात तर यंत्रणा एकाच घराचं दार दोनदा ठोठावते.

यावर जाणकार लगेच म्हणतील, यात किती वेळ जातो? मायक्रोसेकंद! बरोबर आहे त्यांचं, त्यांच्या मशीनवर. फोल्डरची माहिती एकदा वाचली की ती मेमरीत राहते. लिनक्स तर ‘अमुक नावाची फाइल इथे नाही’ हेसुद्धा मेमरीत टिपून ठेवतं. एसएसडी असेल तर पहिल्यांदा वाचायलाही फार वेळ लागत नाही. पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा हिशेब करून बघा. डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, चार मिलिसेकंदांच्या वर. लॅपटॉपची ५,४०० फेऱ्यांची डिस्क असेल तर साडेपाच. त्यात सुई योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ मिळवला की एका शोधाला दहाएक मिलिसेकंद सहज जातात. सेकंदाला फार तर शंभर शोध. एखाद्या प्रोग्रामने उघडताना पाचशे ठिकाणी जाऊन बघितलं आणि त्यातलं काहीच मेमरीत नसलं, तर पाच सेकंद गेले आणि अजून काम सुरूही झालेलं नाही. ‘मेमरीत राहतं’ म्हणायला आधी मेमरी लागते. दोन जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझर उघडला की बाकी सगळं बाहेर फेकलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून शोध.

हे माझं पुस्तकी ज्ञान नाही. आमच्याकडे एका हॉलमध्ये मुलांना टायपिंग शिकवायला चार जुने संगणक आले. सिल्वासा म्हणजे कारखान्यांचं गाव. तिथल्याच एका कंपनीने वापरून झाल्यावर दिलेले. फायली काढलेल्या, पण विंडोज तेच. काही प्रोग्राम उघडायला इतका वेळ लागायचा की मुलं मधल्या वेळात बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची. विचित्र गोष्ट अशी की वायफाय जोडलं की ते जास्त हळू व्हायचे आणि तोडलं की बरे चालायचे. सगळ्यांचं एकमत: व्हायरस, इंटरनेटमधून येतो. पाथची यादी उघडून बघितली तर तीत कंपनीच्या सर्व्हरवरचे तीन फोल्डर अजून बसलेले. खानवेलमधला संगणक प्रत्येक वेळी त्या कारखान्यातल्या सर्व्हरला हाका मारत होता. नेटवर्कच नसलं तर विंडोज लगेच हात वर करतं; नेटवर्क असलं की ते बिचारं प्रामाणिकपणे त्या नावाचा सर्व्हर शोधत राहतं आणि मुदत संपेपर्यंत थांबतं. तीन ओळी काढल्या. एक रुपया खर्च न होता पाणी पिण्याची सुट्टी बंद झाली. मुलं नाराज झाली ती वेगळी गोष्ट.

असं काही तुमच्या मशीनवर होतंय का, हे बघता येतं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचंच ‘प्रोसेस मॉनिटर’ नावाचं फुकट साधन आहे, लिनक्सवर ‘एसट्रेस’. चालू करून कुठलाही साधा प्रोग्राम उघडा. ओळीमागून ओळी धावतात आणि त्यांत ‘नेम नॉट फाउंड’ इतक्या वेळा येतं की पहिल्यांदा बघणारा घाबरतो. घाबरू नका. बहुतेक ओळी निरुपद्रवी असतात, शोधण्याची ती रीतच आहे. बघायचं ते हे की कुठल्या ओळीनंतर घड्याळ थांबतंय.

उलट, व्हिडिओंमधून जे उपाय सांगतात त्यांपासून सावध राहा. ‘प्रीफेच फोल्डर रिकामा करा, पीसी रॉकेट होईल’ हा त्यांतला सर्वांत लाडका. कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फायली लागतात याची टिपणं विंडोज एक्सपीपासून त्या फोल्डरात ठेवली जातात, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच आणून ठेवता याव्यात. ती पुसल्यावर प्रोग्राम पुढच्या खेपेला हळूच उघडणार. ग्रंथपालाचं रजिस्टर जाळून लायब्ररी हलकी झाली म्हणण्यातला प्रकार.

लायब्ररीवरून आठवलं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. मला वाटतं हा नियम ऑपरेटिंग सिस्टम लिहिणाऱ्यांना पहिल्या वर्षी शिकवायला हवा. काहींनी तो आपणहून पाळलाही आहे. लिनक्समध्ये प्रोग्रामला लागणाऱ्या सामायिक तुकड्यांची एक सूची आधीच बनवून ठेवतात. प्रोग्राम कपाटं धुंडाळत नाही, सूचीत बघतो आणि थेट त्या खणाशी जातो. एकाच फोल्डरात हजारो फायली असल्या तर जुन्या पद्धतीत नावं एकामागून एक वाचावी लागत. आजच्या लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये आणि विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फोल्डरालाच अनुक्रमणिका असते. पेन ड्राइव्ह मात्र बऱ्याचदा फॅट३२ असतो, आणि त्यात अजून सरळ यादीच आहे. त्यात नाव मोठं असेल तर १३-१३ अक्षरचिन्हांचे तुकडे करून ते अनेक नोंदींत लिहिलं जातं, आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘वार्षिक अंक’ हे नाव आपल्याला छोटं वाटतं. तिथे ते मधल्या मोकळ्या जागेसकट ११ चिन्हांचं आहे, पुढे वर्डच्या फाइलची शेपटी लावली की १६, म्हणजे दोन तुकडे आणि एक आखूड नावाची नोंद. एका फाइलीला तीन नोंदी. म्हणून मराठी नावं देऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही. पाच वर्षांचे लेख एकाच फोल्डरात कोंबू नका, एवढंच म्हणते. गिट या प्रणालीत हजारो तुकडे ठेवायचे असतात म्हणून त्यांच्या सांकेतिक नावाच्या पहिल्या दोन चिन्हांवरून २५६ उपफोल्डर पाडतात. आपल्याला वर्षवार पाच पुरतील.

आता मराठीकडे येते, कारण मला खरी टोच तिथे आहे.

लिनक्सवर भाषा ‘मराठी, भारत’ अशी निवडली की कुठलाही प्रोग्राम आपले संदेश मराठीत दाखवायला भाषांतराची फाइल शोधतो. शोधण्याचा क्रम असा: आधी भाषा, देश आणि लिपिसंकेत तिन्हींच्या नावाचं फोल्डर, मग तेच, लिपिसंकेताचं स्पेलिंग बदलून, मग नुसती भाषा आणि देश, मग भाषा आणि लिपिसंकेत, पुन्हा दोन स्पेलिंगांत, आणि शेवटी नुसतं मराठी. सहा दारं. उबुंटूमध्ये भाषांतरांचं आणखी एक कोठार आहे, तिथे पुन्हा सहा. एवढं करून भाषांतर असेल तर ते बहुधा शेवटच्या, नुसत्या मराठीच्या दारात सापडतं. नसेल तर बाराही दारं ठोठावून झाल्यावर प्रोग्राम निमूट इंग्रजी संदेश दाखवतो. म्हणजे ज्या प्रोग्रामचं मराठी कोणी केलेलंच नाही, तिथे मराठी निवडल्याबद्दल शोधाचा पूर्ण खर्च द्यायचा आणि वाचायचं इंग्रजीच.

न्यायाने बोलायचं तर ‘इंग्रजी, भारत’ निवडणाऱ्यालाही हीच दारं ठोठावावी लागतात. भाषाच न निवडणारा तेवढा सुटतो. आणि एका संदेशापुरता हा खर्च नगण्य आहे, हेही मान्य. मराठीमुळे संगणक हळू होतो असा निष्कर्ष कोणी काढला तर मी त्याच्याशी भांडेन. माझं म्हणणं वेगळं आहे. हा खर्च कमी करायचा उपाय इंग्रजीकडे जाणं हा नाही. फोल्डर भरणं हा आहे. भाषांतर केलेलं असलं की निदान त्या शोधाचं फळ तरी मिळतं. आणि भाषांतर करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही, ‘डिरेक्टरी’ला काय म्हणावं यावर डोकं खाजवणारी माणसं लागतात. ती आपल्या मंडळात भरपूर आहेत. दर बैठकीत त्यांची डोकी एका शब्दावरून तापतात.

याच व्यवस्थेत एक सोय अशी आहे जी जणू आमच्या भागासाठीच केली असावी. भाषांची यादी पसंतीक्रमाने देता येते: आधी मराठी, नाहीतर गुजराती, नाहीतर हिंदी, मग इंग्रजी. दादरा-नगर हवेलीतलं कुठलंही घर असंच बोलतं, एका शब्दाला एक भाषा कमी पडली की शेजारची घेतं. पण त्या यादीत सर्वांत आधी वारली लिहायची तर? आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांची घरची भाषा ती आहे, कोणाची कोकणा, कोणाची धोडिया. लिनक्सच्या मूळ भाषासंचात कोकणी आहे, वारली नाही. तिथे शोध उशिरा संपतो असंही नाही. शोधायला फोल्डरच नाही.

फॉन्टचं प्रकरण तर आपल्या अंकाच्या थेट जिव्हाळ्याचं. मजकुरात मराठी अक्षर आलं आणि निवडलेल्या फॉन्टमध्ये ते नसलं, तर यंत्रणा पर्यायी फॉन्टांच्या रांगेत एकेकाकडे चौकशी करते. ज्याच्याकडे ते अक्षर आहे असा पहिला फॉन्ट घेते. विंडोज २००० पासून हे काम ‘मंगल’ करत आला, विंडोज ८ पासून ‘निर्मला’ आला. लिनक्सवर बऱ्याच काळापासून ‘लोहित’ आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आणि रेड हॅटने २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला. (लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटच्या टोपीचा रंग. बारसं करणारा माणूस आमच्यापैकी असावा!) हा एक फॉन्ट रांगेत पुढे असला की झालं.

पण आपल्याकडच्या संगणकांत काय असतं? डीटीपीच्या काळापासून हातोहात आलेले शेकडो मराठी फॉन्ट. त्यांतले बहुतेक युनिकोडच्या आधीचे: ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात, त्यामुळे यंत्रणेच्या दृष्टीने ते इंग्रजी फॉन्ट आहेत. खरं मराठी अक्षर मागितलं तर त्यांना उत्तर देता येत नाही. तरीही मांडणीचा प्रोग्राम उघडताना त्या प्रत्येकाची हजेरी घेतो. जुने अंक उघडायला ते हवेत, हे ठीक. मग ते एका बाजूच्या फोल्डरात ठेवावेत, लागेल तेव्हा बसवावेत. सगळ्यांना कायम पंगतीत बसवण्याचं कारण नाही.

‘एसएसडी बसवा, विषय संपवा’ हा आक्षेप मी टाळणार नाही. जुन्या मशीनवर करता येण्याजोगा सर्वांत परिणामकारक बदल तोच आहे, आणि कोणाला परवडत असेल तर हा लेख सोडून आधी ते करावं. पण कारखान्याच्या सर्व्हरची मुदत संपेपर्यंत थांबणं एसएसडीने कमी होत नाही. आणि दरवेळी वेगवान मशीनच्या भरवशावर मांडणी सैल करत जाण्याची जी सवय लागली आहे, तिचा भार उतरंडीच्या तळाला येतो: कंपनीतून शाळेत, शाळेतून हॉलमध्ये आलेल्या मशीनवर.

आखूड यादी म्हणजेच चांगली मांडणी, असा हट्टही मी धरत नाही. गीक्स नावाच्या लिनक्सप्रणालीत प्रत्येक प्रोग्रामला आपलं स्वतंत्र फोल्डर असतं, म्हणजे एकाची सुधारणा दुसऱ्याला बिघडवत नाही. त्यामुळे शोधाची यादी लांबली, प्रोग्राम उघडताना चौकशांचं वादळ उठू लागलं. ती माणसं ‘नवीन मशीन घ्या’ म्हणाली नाहीत. २०२१ मध्ये त्यांनी प्रत्येक प्रोग्रामला त्याची स्वतःची छोटी सूची देऊन टाकली. विंडोजनेही प्रोग्रामचे तुकडे शोधताना ‘सध्याचं फोल्डर’ यादीत मागे ढकललं ते वेगासाठी नव्हे, सुरक्षेसाठी: त्या फोल्डरात कोणी खोट्या नावाचा तुकडा आणून ठेवला तर तोच आधी सापडायचा. पाड्याच्या नावाची फसगत, तीच. क्रमाला असे अनेक धनी असतात. माझी तक्रार इतकीच की तो क्रम आपल्याला कोणी दाखवतच नाही. संगणकाच्या वर्गात कुठलं बटण दाबायचं ते शिकवतात. दाबल्यावर यंत्र कुठे कुठे जाऊन येतं, हे शिकवत नाहीत.

म्हणून मंडळापुढे तीन मागण्या ठेवते. पुढच्या सत्रात एक दुपार पाथ आणि फोल्डर या विषयावर, मराठीत, प्रोसेस मॉनिटर चालू ठेवून. भाषांतराचा एक छोटा गट, आणि त्यात वारली, कोकणा, धोडिया बोलणारे असायलाच हवेत. आणि मंडळाच्या संगणकावरचे फॉन्ट निवडून युनिकोडचे तेवढे ठेवणं, बाकीचे बाजूच्या फोल्डरात. शेवटचं काम मी येत्या शनिवारी करायला घेतेय. कोणाला एखाद्या जुन्या फॉन्टचा जीव लागला असेल तर त्याने शुक्रवारपर्यंत कळवावं. कारण लेखी हवं.